नवी जेट बोट पहिल्यांदा पाण्यात उतरवण्याआधी – गंगापूर धरण, नाशिक

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आम्ही पंचवटी आणि आनंदवलीतले काही पोहणारे. गणेश विसर्जन, श्रावणातली गर्दी, पूर अशा वेळी गोदाघाटावर जीवरक्षक म्हणून उभे राहतो. आजवर आमच्याकडे दोर, हवा भरलेल्या ट्यूबा आणि एक वल्ह्यांची रबरी बोट एवढंच होतं. २ ऑगस्ट २०१६ आणि ४ ऑगस्ट २०१९ चे पूर ज्यांनी गाडगे महाराज पुलाजवळ उभं राहून पाहिलेत, त्यांना त्या पाण्याचा जोर माहीत आहे. दुतोंड्या मारुतीवरून अख्खं नाशिक पुराची उंची मोजतं. पाणी त्याच्या छातीला लागलं की वल्ह्यांच्या बोटीने आम्ही कुणापर्यंतही पोचू शकत नाही. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. म्हणून देणग्या गोळा करून एक नवी जेट बोट घेतली. फायबरची, पाच जणांची, एकच चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिन. बाहेर पंखा नाही, त्यामुळे पाण्यातल्या माणसाला पात्याचा धोका नाही, आणि उथळ पाण्यातही चालते, एवढ्या दोन कारणांवर निर्णय घेतला.

बोट सध्या सातपूरला एका शेडमध्ये ट्रेलरवर उभी आहे. विक्रेत्याने 'सगळं तपासून दिलंय' असं तोंडी सांगितलं, पण सोबत आलेला तपासणीचा तक्ता कोरा आहे, खाली सही नाही. त्यामुळे आम्ही असं धरून चाललोय की काहीच तपासलेलं नाही.

पहिली चाचणी शहरातल्या नदीत करणार नाही हे पक्कं. गंगापूर धरणाच्या फुगवट्यात, परवानगी घेऊन, स्थिर पाण्यात करायची आहे. आतापर्यंत बॅटरी चार्ज करून टर्मिनल घट्ट केली, इंजिन ऑइल आणि कूलंटची पातळी पाहिली, बुचं मोजली (तळाला दोन आहेत), बिल्ज पंप (बोटीच्या तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा) बादलीभर पाणी ओतून चालवून पाहिला. यापुढे काय करायचं, कोणत्या क्रमाने, आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही, हे जाणकारांनी सांगावं. आमच्यात पोहणारे सगळे आहेत, जेट चालवलेलं कुणीच नाही.

---

जुना_इंजिनरूम

धाग्याबद्दल आभार. तक्ता कोरा असेल तर काहीच तपासलेलं नाही असं धरणं योग्यच.

आधी यंत्र समजून घ्या, मग तपासणीचा क्रम आपोआप सुचेल. बोटीच्या तळाला एक तोंड आहे, त्यावर जाळी. आत पोलादी इम्पेलर (पात्यांचं चाक) फिरतो, तो पाणी ओढतो. त्याच्या मागे स्थिर पाती, जी पाण्याचा पीळ काढून ते सरळ करतात. मग निमुळतं नोझल, तिथून पाणी झोताने मागे जातं आणि बोट पुढे. सुकाणू म्हणजे दुसरं काही नाही, ते नोझलच डावी-उजवीकडे वळतं. रिव्हर्ससाठी नोझलवर एक बादली उतरते आणि झोत पुढच्या दिशेला वळवते. इंजिन उलटं फिरत नाही, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जमिनीवर कोरडं इंजिन चालवू नका. 'जरा आवाज ऐकू' म्हणून अर्धा मिनिटसुद्धा नाही. बहुतेक छोट्या जेट बोटींत एक्झॉस्ट थंड करायला पंपाने ओढलेलं बाहेरचं पाणीच वापरतात. ते नसलं की रबरी नळ्या आणि मफलर भाजून निघतात. शाफ्ट जिथे बोटीच्या अंगातून बाहेर जातो तिथे कार्बनचं सील असतं, त्यालाही पाण्याचाच थंडावा लागतो.

जमिनीवर चालवायचंच तर फ्लशिंगच्या (आतून पाण्याने धुवायच्या) तोंडाला नळी जोडून, आणि क्रम असा: आधी इंजिन सुरू, मग लगेच नळ सुरू. थांबवताना आधी नळ बंद, मग एकदोनदा हलका थ्रॉटल देऊन आतलं पाणी बाहेर काढायचं, मग इंजिन बंद. उलटं केलंत तर पाणी एक्झॉस्टमधून मागे सरकून थेट सिलिंडरमध्ये जातं आणि पाण्यात न उतरताच इंजिन उघडावं लागतं. तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात नळी लावून जास्तीत जास्त किती वेळ चालवायचं ते दिलेलं असेल, ती मर्यादा पाळा. नळीचं पाणी एक्झॉस्टला पोचतं, शाफ्टच्या सीलला पोचेलच असं नाही.

आणि इंजिनच्या खणाचा पंखा, ब्लोअर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचून राहते. सुरू करण्याआधी किमान चार मिनिटं ब्लोअर चालवायचा, झाकण उघडून वास घ्यायचा, मगच चावी. पेट्रोल भरल्यावर तर प्रत्येक वेळी. ही सवय बोट घेतली त्या दिवसापासून लावा. चार मिनिटं फार वाटतात, घाटावर कुणी बुडत असताना तर फारच वाटतील. म्हणून पुराच्या दिवशी ब्लोअर कुणी आणि कधी लावायचा हे आत्ताच ठरवा. बोलावणं येण्याची वाट न पाहता, पाणी सोडल्याची बातमी आली की बोट तयार ठेवायची.

---

सातपूर_फिटर

काकांशी १०० टक्के सहमत. माझं काम पंपांचंच आहे, बोटीचे नाही पण औद्योगिक. जेट म्हणजे शेवटी पंपच, त्यामुळे दोन गोष्टी सांगतो.

इम्पेलरभोवती एक रिंग असते, वेअर रिंग. पात्याचं टोक आणि रिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या अंशात असते आणि सगळा जोर त्या फटीवर आहे. फट वाढली की पाणी पुढे जाण्याऐवजी टोकावरून मागे निसटतं, इंजिन ओरडतं आणि बोट सरकत नाही. नवीन बोटीतही मोजाच, कारण कारखान्यातून आल्यावर कुणी ती वाळूत चालवून दाखवली असेल तर रिंगवर आणि पात्याच्या कडांवर ओरखडे दिसतील. चावी काढा, बॅटरीची वायर काढा, मग नोझलच्या बाजूने टॉर्च मारून बघा. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) सगळ्या पात्यांना लावा, एकाच जागी नको. आकडा पुस्तकातल्या मर्यादेशी ताडून पाहा. इम्पेलर हाताने फिरवा. घासल्याचा आवाज नको, अडकणं नको.

दुसरं, पंपाचा बूट (पाणी ओढणाऱ्या तोंडाचं तळाला बसवलेलं कवच) आणि बोटीचा तळ यांच्यामधलं सील. तिथे केसाएवढी फट राहिली तरी पंप पाण्यासोबत हवा ओढतो. मग पाण्यात गेल्यावर आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) चढतो, जोर मिळत नाही, आणि लोक इंजिनला दोष देत बसतात. जाळीचे बोल्टही पाहा. ते सैल असले आणि जाळी आत गेली तर इम्पेलर संपला.

शेड कुठे आहे ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, रविवारी फीलर गेज घेऊन येतो. पैसे वगैरे काही नको.

---

निफाडकर

वाचतोय. वाखुसा (वाचनखूण साठवली).

---

पाणी_आणि_पेट्रोल

इंधनाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

आता आपल्याकडे पंपावर मिळतं ते साधं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं. बोटीच्या इंजिनांच्या पुस्तकांत मात्र बहुतेक ठिकाणी १० टक्क्यांची मर्यादा लिहिलेली असते. हा फरक बोटीत गाडीपेक्षा जास्त नडतो. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, आणि बोटीची टाकी बाहेरच्या हवेला उघडी, दिवसेंदिवस पाण्याजवळ उभी. ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त पाणी शोषलं गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी वेगळा थर बनतो. इंधनाची नळी तळातूनच ओढते. म्हणजे नेमकं पुराच्या दिवशी इंजिन पेट्रोलऐवजी तो थर पिणार.

तुमची बोट महिनोन्महिने उभी राहणार आणि मग एके दिवशी एका चावीत सुरू व्हायला हवी, त्यामुळे याकडे नीट बघा. विक्रेत्याकडून हे इंजिन, टाकी आणि नळ्या २० टक्क्यांना चालतात का हे लेखी घ्या. पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा, पारदर्शक वाटीचा मिळाला तर उत्तम, थर डोळ्यांना दिसतो. जुनं पेट्रोल टाकीत ठेवू नका, काढून गाडीत वापरून टाका.

पंपावरचं पेट्रोल कसं आहे ते घरी बघता येतं. १०० मिलीचं मापाचं काचेचं नळकांडं घ्या, १० मिली पाणी, वर ९० मिली पेट्रोल. बूच लावून हलवा, काही मिनिटं ठेवा. इथेनॉल असेल तर ते पाण्यात उतरतं आणि खालचा थर १० च्या रेघेवरून वर सरकतो. जितका सरकला तितकं इथेनॉल, ढोबळमानाने. हे उघड्या हवेत करा, आजूबाजूला ठिणगी नको.

---

वकीलवाडी

कागदपत्रांचं थोडक्यात. १९१७ चा अंतर्गत जलवाहतुकीचा कायदा जाऊन त्या जागी २०२१ चा आला. यांत्रिक बोटीला सर्वेक्षण आणि नोंदणी दोन्ही लागतं, विमाही लागतो, चालवणाऱ्याकडे प्रमाणपत्र लागतं. महाराष्ट्रात हे काम मेरीटाइम बोर्डाकडे आहे. धरणाच्या पाण्यासाठी जलसंपदा विभागाची परवानगी वेगळी. गंगापूर हे नाशिक शहराचं पिण्याचं पाणी आहे, त्यामुळे अर्जात तेलगळती होऊ नये म्हणून काय करणार तेही लिहा, बिल्जमध्ये तेल शोषणारी गादी ठेवणार हे लिहिलंत तर बरं. आणि ट्रेलर विसरू नका. त्याचीही परिवहन कार्यालयात नोंदणी लागते, नंबरप्लेट आणि मागचे दिवे चालू हवेत.

आपत्ती व्यवस्थापन कक्षाला चाचणीचा दिवस आधी कळवा. पुढे त्यांच्यासोबतच काम करायचं आहे.

---

मेरी_रोड

मला मूळ निर्णयाबद्दलच बोलायचंय, राग नसावा.

गोदावरीचा पूर म्हणजे स्वच्छ पाणी नाही. सोमेश्वरपासून खाली पाणवेलींचे तराफे येतात, निर्माल्य, प्लॅस्टिक, साड्या, बांबू, दोर, सगळं येतं. जेटचं तोंड म्हणजे तळाला लावलेला व्हॅक्यूम क्लीनर. जाळीवर एक साडी बसली की तुमचा जोर शून्य, आणि तोही पुलाच्या वरच्या बाजूला, प्रवाहात. बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनाला पंख्याभोवती गार्ड लावून चालवलं असतं तर कचरा निदान वर उचलून काढता आला असता. जेटमध्ये तळाखाली हात घालायला तुम्ही पाण्यात उतरणार का? त्या पाण्यात?

हे तुम्हाला नाउमेद करायला लिहीत नाहीये. पण देणगीदारांच्या पैशांइतकीच तुमच्या माणसांच्या जिवाची काळजी वाटते.

---

गोदाकाठ (धागाकर्ता)

@मेरी_रोड, राग कसला, हाच मुद्दा आमच्यातही दोन बैठका चालला. बाहेरच्या इंजिनाचा गार्ड झोत कमी करतो, आणि गार्ड असूनही दोर पंख्यात जातोच. पण तुम्ही म्हणता तो धोका खरा आहे आणि आमच्याकडे त्यावर पूर्ण उत्तर नाही. म्हणून आमचा विचार असा: पुलाच्या वरच्या अंगाला, मुख्य धारेत ही बोट न्यायचीच नाही. ती पूर पसरलेल्या भागात वापरायची. घरांच्या गल्ल्या, मळे, सायखेडा-चांदोरीकडे पाणी पसरतं तिथे, जिथे पाणी गुडघा ते पुरुषभर आहे आणि माणसं छपरावर अडकलीत. तिथे पंख्याची बोट खाली टेकते.

@सातपूर_फिटर दादा, व्यनि केला आहे. @पाणी_आणि_पेट्रोल, लेखी मागितलंय.

---

जुना_इंजिनरूम

मेरी रोडांचा मुद्दा मला पटतो आणि गोदाकाठांचा निर्णयही. जेट जन्मालाच उथळ पाण्यासाठी आली. न्यूझीलंडमध्ये बिल हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात ती घडवली, कारण त्यांच्या भागातल्या नद्या गोट्यांच्या आणि वीतभर खोलीच्या, पंखा तिथे टिकतच नाही. सुरुवातीला त्यांनी झोत पाण्याखाली सोडून पाहिला. तो पाण्याच्या पातळीच्या वर मोकळ्या हवेत सोडल्यावर बोटीने खरा वेग धरला. १९७७ मध्ये एडमंड हिलरी अशाच तीन जेट बोटी घेऊन गंगासागरहून गंगेच्या उलट दिशेने निघाले आणि नंदप्रयागजवळच्या धबधब्याने अडवेपर्यंत गेले. त्या वाटेवर खडक होते, रेती होती, फेसाळ पाणी होतं. जेट तिथपर्यंत पोचली ती उथळ, वेगवान पाणी हेच तिचं घर म्हणून. कचऱ्याने भरलेलं पाणी हे तिचं घर नाही, हेही तितकंच खरं.

जाळी अडकल्याची लक्षणं सगळ्या चालवणाऱ्यांना पाठ हवीत: आरपीएम वाढतो, वेग घटतो, बोट थरथरते. त्याच क्षणी थ्रॉटल सोडून इंजिन बंद करायचं. ओढ थांबली की बराच पाला आपोआप जाळीवरून खाली सुटतो. रिव्हर्स टाकून 'उलटं फुंकू' असा प्रयत्न बरेच जण करतात. मी वर लिहिलं ते इथे कामाला येतं: रिव्हर्समध्येही पंप त्याच दिशेने ओढत असतो, कचरा आणखी घट्ट बसतो. काही बोटींना वरून उघडायचं झाकण असतं, त्यातून आकडीने साफ करता येतं. तुमच्या बोटीला आहे का बघा. असेल तर त्याचं सीलही तपासणीत घ्या, कारण ते झाकण नीट बसलं नाही तर बोटीत पाणी येतं. आणि हात घालण्याआधी चावी काढून साफ करणाऱ्याच्याच खिशात. अपवाद नाही.

अडकलेली बोट प्रवाहाबरोबर वाहू लागते, म्हणून नांगर पुढच्या टोकाला दोर बांधून, गुंता नसलेला, हाताशी तयार हवा. दोन वल्हीही. नव्या बोटीत नांगर कपाटात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला असतो आणि दोर वेगळ्या पिशवीत. तो आत्ताच बांधा.

---

वल्हेवाली

मी केटीएचएम कॉलेजच्या बोट क्लबवर रोइंग शिकले, आता मुलांना शिकवते. (अवांतर: चांदवडच्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ ला रिओ ऑलिंपिकपर्यंत गेला, तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या मुलांचे डोळे वेगळेच असतात.) यांत्रिक बोटीच्या सुरक्षेचं प्रशिक्षण घेतलंय, त्यातलं सांगते.

जेट बोट थ्रॉटल सोडला की वळत नाही. झोतच नाही तर वळवणार काय? समोर काही आलं की माणसाचा हात आपोआप थ्रॉटल सोडतो आणि स्टिअरिंग फिरवतो, आणि बोट सरळ जाऊन तिथेच धडकते. वळायचं असेल तर थोडा थ्रॉटल द्यावाच लागतो. हे वाचून येत नाही, अंगात भिनवावं लागतं. मोकळ्या पाण्यात तरंगता डबा सोडून त्याच्याकडे जायचं आणि शेवटच्या क्षणी थ्रॉटल देऊन वळायचं, पुन्हा पुन्हा. ज्याला हे जमत नाही त्याने माणसांजवळ बोट न्यायची नाही.

न्यूट्रलमध्येही इम्पेलर फिरत असतो. बादली अर्धी उतरवून पुढचा आणि मागचा झोत बरोबरीत ठेवलेला असतो, एवढंच. म्हणजे 'न्यूट्रल आहे, काळजी नको' म्हणून पाण्यातल्या माणसाला जवळ घेऊ नका. लांब केस, ओढणी, साडीचा पदर, लाइफ जॅकेटचा सुटा पट्टा, तुमचा स्वतःचा फेकदोर, काहीही तळाच्या तोंडात ओढलं जातं. फेकदोर तरंगणारा असला तरी. माणूस हाताच्या अंतरावर आला की इंजिन बंद, मग उचला.

आणि मागच्या बाजूला कुणी नको, कधीच. नोझलच्या झोतासमोर पाण्यात पडलेल्याला शरीराच्या आतल्या गंभीर इजा होतात, वरून जखम दिसतही नाही. बोट सुरू होताना मागच्या कडेवर बसलेला माणूस पडतो तो तिथेच पडतो. सगळे आत, बसलेले, धरलेले, असं मोठ्याने विचारून मगच थ्रॉटल.

एक विनंती. शहरातल्या पाण्यात सराव करणार असाल तर आमच्या मुलांच्या बोटी फार अरुंद असतात, तुमच्या लाटेने उलटतात. वेळ आधी कळवा, आम्ही जुळवून घेऊ.

---

धरणकाठ

आम्ही धरणाच्या कडेचे, मासेमारी करतो. यंत्रातलं कळत नाही पण पाण्यातलं सांगतो.

धरण पूर्ण भरलेलं असतं तेव्हा काठाला बाभळी आणि कुंपणाच्या तारा पाण्याखाली असतात. उन्हाळ्यात उतरलं की त्या दिसतात, पण मग काठाला चिखल आणि मुरूम. तुमच्या ट्रेलरची चाकं चिखलात बसली तर ट्रॅक्टरशिवाय निघणार नाहीत. मुरमाचा कडक उतार बघून ठेवा, आदल्या दिवशी पायी चालून, काठीने पाणी मोजून. आमची जाळी कुठे आहेत तेही विचारा. जाळ्यांना पांढरे डबे बांधलेले असतात, पण सगळ्यांना नसतात. मी सोबत येईन.

वारा सकाळी नसतो. दहानंतर पश्चिमेकडून सुटतो आणि फुगवट्यात चांगल्याच लाटा उठतात.

---

जुना_इंजिनरूम

धरणकाठ, तुम्ही सोबत असाल तर मला अर्धी काळजी राहिली नाही.

मुरमाबद्दल एक. बोटीखाली साधारण तीन फूट, म्हणजे ९० सेंटिमीटर पाणी असल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. त्याहून कमी असलं की पंप तळातले खडे ओढतो आणि सातपूर फिटरांनी मोजलेली फट त्याच दिवशी वाढते. उथळ पाण्यात जेट *चालते* ती वेगात असताना, तळ वर उचललेला असतो तेव्हा. उभ्याने सुरू करताना नाही.

पहिल्या उतरवण्याचा क्रम असा ठेवा. धरणावर पोचल्यावर आधी थांबा. सातपूरहून आलेल्या ट्रेलरचे हब गरम असतात. तसेच थंड पाण्यात बुडवले तर आतली हवा आकसते, पाणी ओढलं जातं, बेअरिंग गंजतात. हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. तेवढ्या वेळात बुचं लावा आणि *दुसऱ्या* माणसाने हाताने तपासून मोठ्याने सांगावं. ट्रेलरच्या दिव्यांची वायर काढा, मागचे पट्टे सोडा, पुढची साखळी मात्र राहू द्या.

मग मागचा भाग तरंगेपर्यंत ट्रेलर पाण्यात घ्या आणि थांबा. इंजिन बंदच. एक जण झाकण उघडून टॉर्च घेऊन आत बघत बसेल. शाफ्टचं सील, पाण्याच्या नळ्यांच्या क्लिपा, बुचं, पंपाचा बूट. पंधरा मिनिटं. एक थेंब जरी दिसला तरी कुठून आला ते कळेपर्यंत साखळी सोडायची नाही. कोरडं राहिलं तर बोट खोल पाण्यात दोराने ओढून घ्या, ब्लोअर, मग इंजिन, काठाला बांधलेल्या स्थितीतच. तपासनीस अजून आतच बघतोय. बऱ्याच गळती इंजिन सुरू होऊन दाब आल्यावरच दिसतात.

चालवणाऱ्याच्या जॅकेटला किल-स्विचची दोरी. ती ओढून इंजिन खरंच बंद होतं का, हे दोर सोडण्याआधी करून पाहा.

पहिल्या दिवशी वेग बघायचा नाही. नव्या इंजिनाला पहिले पाच ते दहा तास, तुमच्या पुस्तकात असतील तितके, पूर्ण थ्रॉटल सतत द्यायचा नसतो, आणि एकाच आरपीएमवर तासभरही ठेवायचं नसतं. वरखाली करत राहा. त्यानंतरची पहिली सर्व्हिस वेळेत.

आणखी एक, पंपावरचा अ‍ॅनोड बघा. गंज स्वतःवर घेणारा हा धातूचा तुकडा समुद्रासाठी जस्ताचा बसवून देतात. गोड्या पाण्यात जस्तावर थर चढतो आणि ते काम करेनासं होतं. गोड्या पाण्याला मॅग्नेशियमचा लागतो.

---

गोदाकाठ (धागाकर्ता)

शेडमधली कामं झाली, नोंद ठेवतो.

सातपूर_फिटर दादा आले, सोबत त्यांचा मुलगाही. फट पुस्तकातल्या मर्यादेत आहे, पाती स्वच्छ आहेत. जाळीचा एक बोल्ट बोटाने फिरत होता, तो लॉक लावून घट्ट केला. वरून साफ करायचं झाकण आहे, सीलला ग्रीस लावलं. अ‍ॅनोड जस्ताचाच निघाला, मॅग्नेशियमचा मागवलाय. नळी लावून इंजिन सांगितल्या क्रमाने चालवलं. क्रम एका पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून फ्लशिंगच्या तोंडाजवळ चिकटवलाय, कारण पुढच्या वर्षी दुसरंच कुणीतरी ते करत असेल. कोरड्या पावडरचं अग्निशामक चालवणाऱ्याच्या हाताला लागेल असं बसवलं. आधी ते इंजिनच्या खणात होतं, म्हणजे आग जिथे लागणार तिथेच.

इंधनाचं लेखी उत्तर आलं: १० टक्क्यांपर्यंतच. वल्हेवाली ताईंच्या सूचनेप्रमाणे सरावाचे नियम लिहून काढलेत, सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

---

पाणी_आणि_पेट्रोल

लेखी १० आहे तर नळकांड्याची चाचणी करूनच भरा, प्रत्येक वेळी. दोन-तीन पंप आणि जास्त ऑक्टेनची पेट्रोलं तपासून जे मर्यादेत बसेल ते ठरवून टाका. इथेनॉलचं प्रमाण जुळलं नाही तर कमी इथेनॉलचं मिळेपर्यंत चाचणी पुढे ढकला.

---

गोदाकाठ (धागाकर्ता)

एका पेट्रोलचा खालचा थर जागचा हलला नाही. तेच भरलं. परवानगी हातात आली आणि बोट उतरवली.

ट्रेलरवर पंधरा मिनिटं आत कोरडं होतं. काठाला बांधून इंजिन सुरू केल्यावर एक्झॉस्टच्या थंड पाण्याच्या नळीच्या क्लिपेखालून थेंब थेंब यायला लागला, काकांनी म्हटलं होतं अगदी तसंच. बंद केलं, क्लिप आवळली, शेजारी दुसरी लावली, पुन्हा चालवलं, कोरडं. काका स्वतः टॉर्च घेऊन आत बसले होते. वय बघता आम्ही नको म्हणत होतो, ऐकलं नाही.

दुसरी गोष्ट, न्यूट्रलला बोट पुढे सरकत होती. थोडी नाही, चांगलीच. बादलीची केबल नीट लावलेली नाही. माणूस उचलण्याच्या बोटीत हे चालणार नाही, म्हणून मोकळ्या पाण्यात गेलोच नाही. बांधूनच स्टिअरिंग, किल-स्विच, बिल्ज पंप पाहिले आणि बोट बाहेर काढली. केबल विक्रेत्याच्या माणसाकडून पुस्तकाप्रमाणे जुळवून घेतली, या वेळी तक्ता भरून, सहीसकट.

---

मेरी_रोड

न गेलात हे वाचून फार बरं वाटलं. देणगी अजून घेत असाल तर कळवा. आणि पाणवेलीचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. पुढच्या वेळी मुद्दाम थोडी पाणवेल जाळीवर घेऊन, काठाजवळ, दोर बांधलेला असताना, बोट बंद पडल्यावर नांगर टाकायला किती वेळ लागतो ते मोजा. मी घड्याळ घेऊन उभा राहीन.

---

गोदाकाठ (धागाकर्ता)

नक्की करू. पाणवेल मात्र शहरातून धरणात न्यायची नाही, तिथे एक रोप गेलं तरी पसरेल. त्याऐवजी ताडपत्रीचा तुकडा वापरू, दोर बांधून, म्हणजे परत काढता येईल. पण इम्पेलरपर्यंत जायला नको. काका, चालेल ना?

---

जुना_इंजिनरूम

जाळीपेक्षा मोठा तुकडा घ्या, कडा शिवलेल्या, सुटे धागे नकोत. आणि इंजिन आयडलवरच. चालेल.

---

धरणकाठ

रविवारी येऊ नका, फिरायला येणारी माणसं काठाला असतात, पोरं पाण्यात असतात. बुधवारी या, सातच्या आत. पूर्वेकडच्या बाजूची जाळी मी मंगळवारी संध्याकाळी काढून ठेवतो.

---

गोदाकाठ (धागाकर्ता)

बुधवार ठरला. ताई थ्रॉटलचा सराव घेणार आहेत, आधी मी आणि आणखी दोघे, बाकीच्यांनी काठावर दोर घेऊन थांबायचं. ज्यांना यायचंय त्यांनी लाइफ जॅकेट घरून आणू नका, मापाची इथे आहेत.